प्रणाली जुळ्या, घराणी वेगळी

१४ ऑक्टोबर ही तारीख संगणकाच्या इतिहासात निदान दोनदा महत्त्वाची ठरली आहे. २०२५ साली त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्याच्या बरोबर २९ वर्षे आधी, १९९६ साली त्याच तारखेला, स्टुटगार्टपासून सुमारे ४० किलोमीटरवरील ट्युबिंगन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एटरिख या विद्यार्थ्याने एक जाहीर आवाहन केले होते. युनिक्सच्या जातकुळीतील संगणकांसाठी सामान्य माणसाला सहज वापरता येईल असा एकसंध दर्शनी भाग आपण मिळून तयार करू या, असा त्याचा आशय होता. त्यातून केडीई हा प्रकल्प उभा राहिला. अलीकडच्या घटनेने असंख्य चालत्या संगणकांच्या मालकांना पर्याय शोधायला लावला. जुन्या घटनेने त्या पर्यायाला चेहरा दिला.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम स्थितीतले अनेक लॅपटॉप केवळ या अटीपायी बाद ठरतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष सुरक्षा-अपडेट विनामूल्य देऊ केले. पण ती मुदतवाढ आहे, उत्तर नव्हे. अशा वेळी स्टुटगार्ट, झिंडेलफिंगन किंवा ब्योब्लिंगन येथे राहणारा अभियंता लिनक्सकडे वळतो, आणि तिथे त्याच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहते. लिनक्स एक नाही. उबुंटू, डेबियन, मिंट, फेडोरा, ओपनसुसे अशी नावांची रांग लागते. प्रत्येकाचे समर्थक हिरिरीने बोलतात आणि पडद्यावर मात्र सारे जवळजवळ सारखेच दिसते.

सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतून निवड करताना माणूस स्वाभाविकपणे बारीकसारीक फरक शोधतो. कोणती प्रणाली दोन सेकंद लवकर सुरू होते, कोणाची चित्रचिन्हे सुबक आहेत, कोणाचा मेन्यू ओळखीचा वाटतो, याची तुलना सुरू होते. स्टुटगार्ट आणि परिसराचा गेल्या तीन दशकांचा अनुभव वेगळी दिशा दाखवतो. येथे ज्या प्रणाली टिकल्या आणि ज्या नाहीशा झाल्या, त्यांचे भवितव्य गुणवैशिष्ट्यांनी ठरले नाही. त्यांच्यामागे कोण उभे होते, यावर ते ठरले.

सारखे काय आणि वेगळे काय

लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने फक्त कर्नल, म्हणजे यंत्र आणि कार्यक्रम यांच्यामधला गाभा. त्याभोवती हजारो कार्यक्रम जमवून, तपासून, एकमेकांशी जुळवून जी संपूर्ण प्रणाली तयार होते, तिला वितरण किंवा डिस्ट्रिब्युशन म्हणतात. गाभा सगळ्यांचा एकच. फायरफॉक्स तोच, लिब्रे ऑफिसही तेच. मराठी टंकलेखनासाठी लागणारी आयबस ही व्यवस्था सर्वत्र उपलब्ध आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित हा देवनागरी टंक कोणत्याही वितरणात बसवता येतो. ‘ळ’ नीट उमटतो का, ‘ऱ्य’ तुटतो का, या प्रश्नांची उत्तरे वितरण बदलल्याने फारशी बदलत नाहीत.

दर्शनी भागाचेही तसेच. एटरिखच्या आवाहनातून निघालेला केडीईचा डेस्कटॉप फेडोरावर मिळतो, डेबियनवर मिळतो, ओपनसुसेवर मिळतो आणि कुबुंटू या नावाने उबुंटूवरही मिळतो. म्हणजे नवखा माणूस ज्या चेहऱ्यावरून निवड करतो, तो चेहरा कोणत्याही प्रणालीला लावता येतो.

खरा फरक त्यामागे असतो. कार्यक्रमांची कोणती आवृत्ती घ्यायची, ती किती दिवस तपासायची, सुरक्षेतील दोष कोणी दुरुस्त करायचा आणि ही जबाबदारी किती वर्षे सांभाळायची, हे प्रत्येक वितरणाचे चालक ठरवतात. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ ला ५ वर्षांची नियमित देखभाल आहे. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला ३ वर्षे पूर्ण आणि त्यानंतर २ वर्षे मर्यादित देखभाल मिळते. ओपनसुसे टंबलवीडमध्ये तर आवृत्त्याच नाहीत. नवे कार्यक्रम अखंड येत राहतात.

या वेगांचा अर्थ मार्च २०२४ मध्ये जगाला कळला. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला संगणकात दूरस्थ प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला. त्याचा माग काढताना एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या कार्यक्रमात कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट पेरल्याचे उघड झाले. ती आवृत्ती टंबलवीड, फेडोराच्या चाचणी शाखा आणि डेबियनच्या अस्थिर शाखा यांपर्यंत पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती नव्हती, कारण तिथे नव्याला इतक्या लवकर प्रवेशच नसतो. एरवी ‘जुनाट’ म्हणून हिणवली जाणारी सवय त्या दिवशी संरक्षक ठरली. अर्थात नव्याकोऱ्या लॅपटॉपवर हाच संथपणा त्रासदायक ठरू शकतो. त्याच्या ग्राफिक्स चिपला किंवा वायफायला लागणारा नवा कर्नल स्थिर शाखेत उशिरा येतो. एकच गुण एका घरी वरदान आणि दुसऱ्या घरी अडचण असतो.

स्टुटगार्टची हरवलेली प्रणाली

१९९० च्या दशकात जर्मनीत अनेक लिनक्स वितरणे स्पर्धा करत होती. त्यांपैकी १९९२ साली स्थापन झालेल्या सुसेचे नाव आजही जगभर आहे. स्टुटगार्टच्या डेलिक्स या कंपनीचीही एक प्रणाली होती: ‘डॉइचे लिनक्स-डिस्ट्रिब्युशन’, संक्षेपाने डीएलडी. १९९९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या रेड हॅटने डेलिक्स विकत घेतली आणि डीएलडी हे नाव इतिहासजमा झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये शेजारच्या ब्योब्लिंगन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेने आपल्या महासंगणकांवर लिनक्स चालवण्यासाठीचे काम जगापुढे खुले केले. पुढे २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच ताब्यात घेतली. स्टुटगार्टची छोटी प्रणाली रेड हॅटच्या पोटात गेली आणि रेड हॅट आयबीएमच्या.

ही केवळ मालकीहक्कांची वंशावळ राहिली नाही. रेड हॅटची व्यावसायिक प्रणाली सशुल्क सदस्यत्वावर चालते. तिच्याच खुल्या स्रोतापासून तयार केलेली सेंटओएस ही विनामूल्य जुळी जगभरातील विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कंपन्या वापरत होत्या. सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत होईल असे वापरकर्त्यांना सांगितले गेले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केले की ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. ज्यांनी नुकतेच शेकडो सर्व्हर त्या प्रणालीवर नेले होते, त्यांच्या हाती जेमतेम वर्ष उरले. रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे आणि सेंटओएसवर काम केलेले अभियंते मराठी घरांत कमी नाहीत. हा धक्का अनेकांनी कार्यालयात प्रत्यक्ष अनुभवला असेल.

पोकळी भरायला २०२१ मध्ये पुन्हा जुळी भावंडे जन्मली. मार्चअखेर क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आली. जूनमध्ये सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्टझर यांच्या प्रेरणेने रॉकी लिनक्स आली. दोन्ही विनामूल्य, दोन्ही रेड हॅटच्या प्रणालीची तंतोतंत प्रत. त्या वर्षी या दोहोंत तांत्रिक फरक शोधणारा बहुधा रिकाम्या हाताने परतला असता.

फरक उघड झाला तो संकटात. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या प्रणालीचा स्रोत पूर्वीसारखा सर्वांना सहज उपलब्ध करून देणे थांबवले. यावर अल्मालिनक्सने अक्षरशः प्रत बनण्याचा हट्ट सोडला. रेड हॅटवर चालणारे कार्यक्रम आपल्याकडेही चालतील एवढी हमी द्यायची आणि दोषांची दुरुस्ती आपल्या निर्णयाने करायची, असे तिने ठरवले. रॉकीने तंतोतंत प्रतीचाच मार्ग धरला आणि स्रोत मिळवण्याचे इतर वैध मार्ग शोधले. काल एकसारख्या असलेल्या प्रणाली एका महिन्यात दोन दिशांना गेल्या, कारण त्यांचे चालक वेगळे होते आणि त्यांची वचनेही वेगळी होती. युरोपातील सर्न आणि अमेरिकेतील फर्मिलॅब या संशोधनसंस्थांनी डिसेंबर २०२२ मध्येच आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली होती.

उलट उदाहरण सुसेचे. नोव्हेल, अटॅचमेट, मायक्रो फोकस, इक्यूटी असे तिचे मालक बदलत गेले. २०२१ मध्ये ती फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली आणि २०२३ मध्ये तिथून बाहेरही पडली. तरी प्रणाली टिकली. याचे एक कारण तिच्या ग्राहकांत आहे. बाडेन-वुर्टेंबर्गमधील वालडॉर्फच्या एसएपी कंपनीचा हाना हा डेटाबेस अधिकृतपणे सुसे आणि रेड हॅट या दोनच लिनक्स घराण्यांवर चालतो. मालक आले-गेले, पण ज्यांचा कारभार त्या प्रणालीवर चालतो त्यांनी तिला पडू दिले नाही. एखाद्या प्रणालीमागे कोण उभे आहे, या प्रश्नाचे उत्तर केवळ मालकाच्या नावाने पुरे होत नाही.

शाळांच्या दोन वाटा

याच प्रश्नाचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत शांत धडा स्टुटगार्टच्या शाळांत मिळतो. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने शाळांतील संगणक-जाळ्यांसाठी एक नमुना-व्यवस्था उभारली. तिचे नाव पेडएमएल, म्हणजे अध्यापनासाठीची आदर्श जुळणी. ती लिनक्स, विंडोज आणि नोव्हेल अशा तीन रूपांत दिली जाई आणि तिची जबाबदारी राज्याच्या माध्यम केंद्राकडे आहे. विद्यार्थ्यांच्या समोरच्या संगणकावर अनेकदा विंडोजच असते. पण खाती, फाइली, परीक्षेच्या वेळी इंटरनेट बंद करणे, ही सारी कामे मागचा सर्व्हर करतो.

२०१० नंतरच्या काही वर्षांत लिनक्सच्या रूपाला दोन फांद्या फुटल्या. माध्यम केंद्राने आपली पेडएमएल लिनक्स ब्रेमेनच्या युनिव्हेन्शन कंपनीच्या डेबियनवर आधारित सर्व्हर प्रणालीवर नेली. जुन्या व्यवस्थेवर प्रेम करणाऱ्या शिक्षकांनी आणि तंत्रज्ञांनी लिनक्सम्युस्टर डॉट नेट या नावाने संघटना करून आपली वाट उबुंटूवर सुरू ठेवली. उबुंटूचे मूळही डेबियनच. म्हणजे एकाच राज्यातल्या शाळांना एकाच आजीच्या दोन नातींतून निवड करायची होती.

तंत्रात काही फरक आहेत. पेडएमएल लिनक्समध्ये कार्यक्रमांचे वाटप ऑप्सी या साधनाने होते. प्रत्येक कार्यक्रम पॅकेजच्या रूपाने संगणकावर पाठवला जातो. लिनक्सम्युस्टरमध्ये लिन्बो नावाची व्यवस्था संपूर्ण संगणकाची तयार प्रतिमा सांभाळते. मुलांनी काहीही बिघडवले तरी संगणक पुन्हा सुरू करताच तो मूळ अवस्थेत आणता येतो. दोन्ही पद्धती शहाणपणाच्या आहेत.

मुख्याध्यापकाला पडणारा प्रश्न मात्र यापेक्षा साधा असतो: सोमवारी सकाळी आठ वाजता वर्गातले संगणक चालले नाहीत, तर फोन कोणाला करायचा? पेडएमएल घेणारी शाळा शुल्क देते आणि तिच्यामागे सरकारी संस्थेची मदतसेवा असते. लिनक्सम्युस्टर घेणारी शाळा परवान्याचे पैसे देत नाही. तिला जाणकारांचा मोकळा समुदाय मिळतो, हवे असल्यास सशुल्क मदत करणारे व्यावसायिकही मिळतात. पण शाळेत किंवा जवळपास या कामाची आवड असणारा माणूस असावा लागतो. ज्या शाळेत असा शिक्षक आहे, तिच्यासाठी दुसरी वाट मोकळी आणि समाधानाची. तो शिक्षक निवृत्त झाल्यावर काय, हा प्रश्न ज्या शाळेला आजच पडतो, तिने पहिली वाट धरावी. या निवडीत प्रणालीपेक्षा शाळेचे स्वतःचे मनुष्यबळ अधिक बोलते.

म्युनिकचा बहुचर्चित प्रयोगही याच कसोटीवर पाहता येतो. २००३ च्या मे महिन्यात तेथील नगरपरिषदेने लिनक्सचा तत्त्वतः निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिमक्स या खास शहरासाठी घडवलेल्या प्रणालीवर आले आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्यामागे राजकारण किती आणि तंत्र किती, यावर आजही वाद होतो. एक बाब मात्र निर्विवाद आहे: लिमक्सने आधी डेबियनचा आणि नंतर उबुंटूचा पाया घेतला, त्यावर स्वतःचे संस्करण रचले आणि ते सांभाळण्याचे ओझे एका शहरावर पडले. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० कार्यस्थानांसाठी वेगळा क्रम निवडला. आधी लिब्रे ऑफिस, मग ईमेल, आणि प्रणाली त्यानंतर. ४०,००० हून अधिक टपालपेट्यांचे स्थलांतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाले. कार्यक्रम आणि फाइली आधी मोकळ्या झाल्या, की खाली कोणते लिनक्स आहे हा प्रश्न बराच हलका होतो आणि चुकलेली निवड दुरुस्तही करता येते.

घरासाठी चार प्रश्न

लग्नाचे स्थळ पाहताना जुनी माणसे मुलाच्या रूपापेक्षा घराण्याची चौकशी अधिक करत. प्रणालीच्या बाबतीत ती रीत अजूनही उपयोगी आहे. निर्णय कोण घेतो, पैसा कोठून येतो, देखभाल कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि बाहेर पडायचे झाल्यास वाट कोणती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की नावांची रांग आपोआप लहान होते.

डेबियनचा कोणी मालक नाही. १९९३ पासून स्वयंसेवक ती चालवतात आणि दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. तिला विकत घेता येत नाही, पण ग्राहकसेवेचा फोनही नाही. उबुंटू कॅनॉनिकल या कंपनीची आहे. तिथे निर्णय झटपट होतात आणि कधी अंगावरही येतात: २०१७ मध्ये कंपनीने स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप सोडून दिला; फायरफॉक्ससारखे कार्यक्रम आता स्नॅप या पद्धतीने येतात आणि त्यांचे भांडार कंपनीच चालवते. उबुंटूवरच आधारलेल्या लिनक्स मिंटने २०२० मध्ये ती पद्धत आपल्याकडे मूळ जुळणीतून बंद ठेवली. पडद्यावर तेच चित्रचिन्ह, पण कार्यक्रम येण्याची वाट वेगळी. फेडोरामागे रेड हॅट आहे. तिथे नवे तंत्र लवकर येते आणि वर्षातून एकदा तरी मोठा बदल पत्करावा लागतो.

चौथ्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मिंटने दिले आहे. तिच्या चालकांनी थेट डेबियनवर आधारलेली आणखी एक मिंट तयार ठेवली आहे, आणि तिचा हेतूही ते उघड सांगतात: उद्या उबुंटू नाहीशी झाली तरी मिंट चालू राहिली पाहिजे. ज्या खांद्यावर आपण उभे आहोत तो कायम राहील, असे गृहीत न धरण्याचे हे शहाणपण सेंटओएसच्या वापरकर्त्यांना महागात पडून कळले.

या चौकशीआधी एक फाटक ओलांडावे लागते. रोजीरोटीचा एखादा कार्यक्रम लिनक्सवर चालतच नसेल, तर पुढची सारी चर्चा व्यर्थ. स्टुटगार्टच्या वाहन उद्योगात वापरले जाणारे कॅटिया हे आरेखन-साधन विंडोजवर चालते. त्या कामाचा संगणक आहे तिथेच राहू द्यावा. घरचा वापर मात्र बहुतांशी ब्राउझरमध्येच असतो. जर्मन कर विवरणपत्र ‘माइन एल्स्टर’वर ब्राउझरमधून भरता येते.

परदेशस्थ मराठी कुटुंबाचा आणखी एक संगणक असतो, आणि तो स्टुटगार्टमध्ये नसतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरी आई-वडील जो वापरतात, त्याची देखभाल साडेतीन-साडेचार तासांच्या अंतरावरून फोनवर होते. तिथे ‘सर्वोत्तम’ प्रणाली शोधण्यात अर्थ नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतः जी रोज वापरते, तीच तिकडे असावी. म्हणजे ‘खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसते आहे?’ हे विचारताना उत्तर आधीच माहीत असते. शाळेच्या मुख्याध्यापकाचा सोमवार सकाळचा प्रश्न इथे घरात येतो: फोन कोणाला करायचा? इथे तो आपल्यालाच येणार असतो.

स्टुटगार्टची डीएलडी गेली, सेंटओएस ८ मुदतीआधी गेली. शाळांच्या दोन्ही फांद्या मात्र अजून जिवंत आहेत. ज्या शिक्षकांना अधिकृत वाट मान्य नव्हती, त्यांना जुना स्रोत उचलून पुढे जाण्याचा हक्क होता आणि तो वापरण्याइतकी माणसेही होती. मुक्त स्रोत कोणत्याही प्रणालीला चिरंजीव करत नाही. वापरणाऱ्याला दुसरी संधी घेण्याची मुभा तो देतो, आणि ती संधी घ्यायला माणसे लागतात. म्हणून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रणालींपुढे अडलेल्याने पडद्यावरून नजर थोडी बाजूला करावी आणि मागे कोण उभे आहे ते मोजावे. ते जमले की उरलेली निवड आवडीची. तिथे चेहरा पाहून ठरवले तरी बिघडत नाही.